गासच्या रस्त्यावर पुन्हा

रक्ताचे नमुने ठेवायच्या झिपच्या छोट्या पिशव्या आमच्या लॅबमध्ये गठ्ठ्याने असतात. त्यातली एक मी घरी आणली, तिच्यात एक चिठ्ठी घातली आणि धावायच्या पँटच्या मागच्या खिशात ठेवली. चिठ्ठीवर माझं नाव, वय बावन्न, रक्तगट, नवऱ्याचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरात: हृदयावर उपचार झालेले आहेत. बेशुद्ध आढळल्यास पाय उंच करावेत. तोंडात पाणी ओतू नये.

नवऱ्याने ती चिठ्ठी उलटसुलट करून वाचली. "आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस, ते लिहायचं राहिलं," तो म्हणाला.

"तुला गंमत वाटतेय."

"नाही वाटत. म्हणून तर बोललो."

मी माणिकपूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. चोवीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधते आहे. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला चांगलं जमतं. तिकडे भिंतीकडे बघा, मुलं काय करतात, मोठी कितवीला, झालं, दाबून धरा. ही युक्ती स्वतःवर चालत नाही. आपण काय करतो आहोत ते आपल्याला आधीच माहीत असतं.

धावायला मी चाळिशीत लागले. हौस म्हणून नव्हे. माझ्या आईचे डोळे साखरेने नेले, आणि माझ्या रक्तात साखर सीमारेषेला येऊन उभी होती. पहाटे उठायचं, आमच्या गावातून निघून शेजारच्या गास गावाच्या रस्त्याने शेतांपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर. पहिली दोन वर्षं कंटाळा आला, मग आवडायला लागलं, मग त्याशिवाय चैन पडेना. एकवीस किलोमीटरची शर्यतसुद्धा दोनदा पूर्ण केली. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर बायका विचारायच्या, अगं, एवढी पळून पोचतेस कुठे? मी म्हणायचे, घरीच.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, गासच्या थोडं अलीकडे, जिथे भाजीवाल्या बायका पाट्या घेऊन टेम्पोची वाट बघत बसतात, तिथे माझ्या छातीत कुणीतरी मिक्सरचं बटण दाबलं. ह्याहून बरी उपमा मला आजवर सापडलेली नाही. आधी काही नाही आणि मग एकदम पूर्ण वेगाने. मी थांबले. ते थांबलं नाही. कडेला बसावं म्हणून वळले आणि रस्ता दिसेनासा झाला.

डोळे उघडले तेव्हा मी मातीत आडवी होते, तोंडावर पाणी होतं, नाकात पाणी होतं आणि एक भाजीवाली माझी मान धरून तोंडात आणखी पाणी घालत होती. "पानी पी, बाय. आधी पानी पी." मी ठसका लागून मरणार होते. चिठ्ठीतली पाण्याची ओळ तिच्यामुळे आली. पण तिनेच रिक्षा थांबवली, तिनेच मला आत ढकललं, हेही सांगायला हवं.

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्या हृदयात विजेची एक वाट जन्मापासून जादा होती. मुंबईच्या एका डॉक्टरांनी मांडीतून तार वर नेली आणि ती वाट जाळून टाकली. दोन दिवसांत घरी. डॉक्टर तरुण होते, कागदावर चित्र काढून समजावत होते. "बिघडलेली धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि बटण दाबल्यासारखी बंद होते. चांगली धडधड जिन्यासारखी असते. पायरी पायरीने चढते, पायरी पायरीने उतरते. तुमची वाट बंद झाली आहे. एक महिन्याने धावा."

मी एक महिन्याने धावले नाही. सहा महिन्यांनीही नाही. कारणं भरपूर होती आणि सगळी खरी होती. मुलीची बारावी, पाऊस, रस्ता खणून ठेवलेला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. लोकांना सांगायला खरी कारणं सोपी पडतात. त्यांच्यामागे एकच कारण होतं. रात्री कूस बदलताना छाती जराशी धडधडली तरी मी बोटं मानेवर ठेवून अंधारात मोजत पडायची. जिना की बटण. दर वेळी जिनाच असायचा. तरीही पुढच्या वेळी मोजायची.

दोन वर्षं आठ महिने अशी गेली. मग मी माझंच रक्त माझ्याच लॅबच्या मशीनला लावलं आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा बघितला. तो आता सीमारेषेवर नव्हता. ओलांडून बराच पुढे गेला होता. रिपोर्ट हातात घेऊन मी कलेक्शनच्या खुर्चीत बसले, जिथे पेशंट बसतात. आईला शेवटची सात वर्षं आम्ही हाताला धरून संडासला नेत होतो.

त्या संध्याकाळी धावायचे बूट बाहेर काढले तर त्यांच्या नाड्या जागेवर नव्हत्या. सासूबाईंनी त्या कारल्याच्या वेलाला बांधायला घेतल्या होत्या. "तू परत घालशील असं कुठे बोलली होतीस," त्या म्हणाल्या. सासूबाई एकोणऐंशीच्या आहेत, आणि घरात आमच्या वाडीच्या बोलीतच बोलतात. ती बोली वाडीबाहेर फारशी कुणाला कळत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते. त्यातला तिखटपणा थोडा उतरतो, त्याला इलाज नाही.

नवरा कामणला एका गोदामात रात्रपाळीला असतो. सकाळी आठला घरी येतो. त्याने फार वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "एक ठरवून टाकू. परत एकदा जरी काही झालं, छोटं का होईना, तर बूट मी विहिरीत टाकणार. मग साखरेसाठी गोळ्या घे, योगा कर, काय वाट्टेल ते कर. पण पळणं बंद."

"छोटं म्हणजे किती छोटं?"

"मी आणि आई, दोघांपैकी कुणालाही तुला शोधत रस्त्यावर यावं लागलं, एवढं."

"चालेल," मी म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली. आमच्या घराजवळ गावाचं जुनं बावखल आहे. पूर्वी बागांना पाणी त्या तळ्यातून जायचं, आता कडेने लोक फिरतात. एक फेरी जेमतेम तीनशे मीटर. मी एक मिनिट धावायची, दोन मिनिटं चालायची. मनगटावर नवऱ्याने दिलेलं घड्याळ, नाडी एकशेसाठच्या वर गेली की किंचाळणारं. एकशेतीस दिसले की मला घाम फुटायचा, घाम फुटला की एकशेचाळीस दिसायचे. तिथे रोज येणारे एक निवृत्त मास्तर एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही घड्याळ बघायला पळता का पळायला घड्याळ बघता?" मी हसले. घरी येऊन रडले नाही, पण आंघोळीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

पाय लवकर परत आले. पायांना फारसं काही आठवत नसतं. डिसेंबरात मी सलग चार किलोमीटर धावत होते. बावखलाच्या फेऱ्या, चर्चपर्यंत, चर्चच्या पुढच्या नाक्यापर्यंत. त्या नाक्यावरून गासचा रस्ता सुटतो. तिथवर सगळं ठीक असायचं. तिथून पुढे दोनशे पावलं गेलं की घरं संपतात, दिवे संपतात, डाव्या हाताला शेतं लागतात, आणि माझी जीभ कोरडी पडायची. तीनदा मी तिथून परत फिरले. एकदा बुटात खडा गेला म्हणून. एकदा कुत्रं होतं म्हणून. तिसऱ्या वेळी काहीच नव्हतं, नुसती परत फिरले.

परत फिरायची सवय लागते, हे मला कळत होतं. अजून दोनदा फिरले असते तर तो नाकाच माझ्या आयुष्याचा शेवटचा स्टॉप झाला असता. म्हणून जानेवारीतल्या एका गुरुवारी मी ठरवलं की आज जिथे पडले होते तिथवर जायचं, त्या जागेला हात लावायचा आणि परत यायचं. सासूबाईंना सांगितलं, पावणेसातपर्यंत येते. त्या रोज साडेपाचला उठून चुलीजवळ माळ म्हणत बसतात. "जा," त्या म्हणाल्या. नाताळचे कंदील अजून घरोघर टांगलेले होते. थंडी होती.

नाक्यावर पोचल्यावर खिसा चाचपला. चिठ्ठी होती. फोन नव्हता. फ्रिजवर चार्जिंगला लावलेला तसाच राहिला होता.

शहाणी बाई परत गेली असती. मी दुसऱ्यांना तेच सांगितलं असतं. पण मला माझी सबबींची यादी पाठ होती, आणि फोन हा त्या यादीत अगदी शोभण्यासारखा होता. खडा, कुत्रं, काही नाही, फोन. मी पुढे निघाले.

त्या अडीच किलोमीटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी भ्यायले होते. समोरून मोटरसायकलचा दिवा आला की वाटायचं, ह्याला थांबवून ठेवावं. मागे काही वाजलं की वाटायचं, आता. मी मोठ्याने बोलत होते, पेशंटशी बोलते तशी. तिकडे बघा. मुलगी काय करते. मुलगी पुण्याला शिकते. कितव्या वर्षाला. दुसऱ्या. घड्याळ एकशेअठ्ठेचाळीस दाखवत होतं. वळण आलं, मग ते जांभळाचं झाड, मग विजेची पेटी, आणि त्याच्या पुढे, अगदी तशाच, चार-पाच बायका पाट्या मांडून बसलेल्या.

मी पोचले. थांबले. काही झालं नाही. जमिनीला हात लावायचं ठरवलं होतं, पण पाच बायकांसमोर रस्त्याला हात लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून नाडी बांधायचं निमित्त करून वाकले.

"तूच ना ती पडलेली?"

तीच होती. डोक्याला मफलर, पाटीत लाल माठाच्या जुड्या. तीन वर्षांत तिने मला विसरायला हवं होतं. पण तिच्या दृष्टीने ती गोष्ट माझ्यापेक्षा तिची जास्त होती. तिने बाकीच्या बायकांना ती पहिल्यापासून सांगितली. मी कशी आडवी झाले, डोळे कसे पांढरे झाले, तिने कसं पानी पाजून मला जिवंत केलं.

"मेली असती गं ही," ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"तुझ्या पाण्यानेच मेले असते," मी म्हणाले.

बायका हसल्या. तीही हसली. मग बसायलाच लावलं. काय झालं होतं, कुठे दाखवलं, काय खातेस, घाम किती येतो. तिच्या जावेला पण धडधडतं, तिने कुणाला दाखवावं. हा माझा धंदाच आहे, मी सांगत बसले. उठले तेव्हा तिने एक जुडी हातात कोंबली. पैसे घेईना. घड्याळात बघितलं तर पावणेसातला पाच मिनिटं होती, आणि मी घरापासून साडेचार किलोमीटर होते.

परतताना मला बरं वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं त्यामुळेच जास्त लागलं. हातात माठाची जुडी, पूर्वेला उजेड, पाय हलके. तीन वर्षांनी मी त्या रस्त्यावर निव्वळ धावत होते. अर्ध्याहून जास्त रस्ता सरला, घरं परत सुरू झाली, लोक दूध घेऊन जाऊ लागले. घर दोन किलोमीटरहून थोडं जास्त राहिलं असेल.

तेव्हा चर्चची घंटा सुरू झाली.

मिस्साची घंटा वेगळी असते, लगबगीची. ही सावकाश होती. एक टोल, मग तो पूर्ण विरून जाईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. आमच्याकडे कुणी गेलं की अशी वाजते. ऐकू आली की हातातलं काम थांबवायचं, क्रूसाची खूण करायची आणि शेवटपर्यंत ऐकायची, कारण कोण गेलं ते शेवटाला कळतं. थोडा खंड पडतो आणि मग तीन टोल पडले तर पुरुष, दोन पडले तर बाई. आता गावाच्या ग्रुपवर नाव, वय, अंत्यविधीची वेळ सगळं येतं. पण ते नंतर. घंटा आधी पोचते.

मी सवयीने थांबले. रस्त्याच्या कडेला, जुडीसकट. समोर एका अंगणात झाडू मारणारी बाई पण थांबली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता ऐकत होतो. घंटा थांबली. खंड पडला.

एक.

दोन.

मी तिसऱ्याची वाट बघितली. आला नाही. अंगणातल्या बाईने पुन्हा खूण केली आणि झाडू उचलला.

घरी सासूबाई एकट्या होत्या. नवरा कामणला. फोन फ्रिजवर. चूल, ओली मोरी, ऑपरेशन झालेला गुडघा. मी पावणेसातला येते म्हणाले होते आणि सात वाजून गेले होते. हे सगळं एका वेळी डोक्यात आलं, ओळीने नाही.

आता मला हेही माहीत होतं की घंटा अशी वाजत नसते. आधी घरचे फादरना कळवतात, मग चर्चमधला माणूस किल्ली घेऊन वर जातो. तासा-दीड तासापूर्वी माळ म्हणत बसलेल्या बाईसाठी घंटा वाजायची तर मध्ये बरंच काही घडून जायला हवं. हे मला माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं. ते निघाले होते.

मी इतकी जोरात एकवीस किलोमीटरच्या शर्यतीच्या शेवटीसुद्धा धावले नव्हते. नाका आला, गेला. कुणीतरी हाक मारली. मनगटावर घड्याळ किंचाळत असणार, कारण नंतर त्यात तशी नोंद होती. मला ऐकू आलं नाही. मी फक्त चुलीजवळची जागा बघत होते, तिथे त्या कशा पडल्या असतील, डाव्या कुशीवर की उताण्या. किती वेळ झाला असेल. माझं नाव घेऊन हाक मारली असेल का. मी तेव्हा भाजीवालीला जावेच्या धडधडीवर सल्ला देत होते.

बावखलाला वळसा घालून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. तिथे चौथऱ्यावर एक जुना क्रूस आहे. त्याच्या चौथऱ्याला धरून एक म्हातारी उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा फोन. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सासूबाई फाटकाबाहेर पायी गेलेल्या नव्हत्या. रविवारी चर्चलासुद्धा रिक्षाने जातात.

मी थांबले. थांबता येईना, म्हणून चौथऱ्यावर दोन्ही हात टेकले. त्यांनी मला नखापासून केसापर्यंत बघितलं. मग जुडीकडे बघितलं.

"भाजीला गेली होतीस?"

मी धापा टाकत नुसती मान हलवली.

"तो फोन वाजतोय, वाजतोय. मी बघते तर हिचाच. म्हटलं, ही फोनशिवाय गेली. म्हटलं, येईल. फाटकात येऊन उभी राहिले. पावणेसात झाले, सात झाले. मग घंटा. दोनच पडल्या."

"मी पण ऐकली."

"मला वाटलं..."

"मला पण वाटलं," मी म्हणाले. "मला वाटलं तुम्ही."

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा बदलला, आणि मला कळलं की आता काहीतरी बोलणार.

"मी मेले तर घंटा वाजवायला सांगणार कोण? घरी तर मी एकटीच."

"आणि मी मेले तर तुम्हाला कळायच्या आधी फादरना कळलं असतं का?"

"तेच तर म्हटलं मी. फाटकात उभी राहून म्हटलं, असं होत नाही."

"मग निघालात कशाला?"

"तू पळत आलीस कशाला?"

मी चौथऱ्यावर बसले. त्या पण बसल्या, आधी काठी, मग एक हात माझ्या खांद्यावर, मग बाकीच्या. आणि तेव्हा, बसल्यावर, मला माझी छाती जाणवली. ती कानात वाजत होती, घशात वाजत होती. मघाची सगळी भीती जागा बदलून परत माझ्याकडे आली. मी मनगट वर केलं. एकशेबहात्तर.

गेल्या तीन वर्षांत एवढा आकडा मी बघितला नव्हता. त्याला मी इतकी भीत होते की त्याच्या जवळपासही जात नव्हते.

"किती?" सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही.

"एकशेबहात्तर."

"वाईट?"

"माहीत नाही. आता कळेल. बोलू नका."

बोटं मानेवर ठेवली. बटण असेल तर हा आकडा इथेच राहील, हालणार नाही, रस्ता पुन्हा काळा होईल, आणि ह्या वेळी माझी मान धरायला एका गुडघ्याची म्हातारी असेल. मी तिला पाणी ओतू नका म्हणून सांगायला हवं होतं. चिठ्ठी मागच्या खिशात होती, माझ्याच वजनाखाली.

एकशेसहासष्ट.

एकशेअठ्ठावन्न.

"किती?"

"एकशेएकावन्न."

"उतरतंय?"

"थांबा."

दूध घालणारा सायकलवरून गेला. आम्हाला दोघींना क्रूसाखाली बसलेलं बघून त्याने टोपी काढली. घंटा त्यानेही ऐकलेली असणार. एकशेचाळीस. एकशेएकतीस. मी एकेक आकडा मोठ्याने सांगत होते आणि सासूबाई मान हलवत होत्या, जणू त्यांना कुणी काही मोजून देत आहे. एकशेचोवीस. एकशेसतरा. पायरी पायरीने. जिना होता. कागदावर डॉक्टरांनी काढला होता तसा.

"एकशेनऊ," मी म्हणाले आणि मनगट खाली केलं.

"मग ठीक?"

"ठीक."

"एवढं पळून?"

"एवढं पळून."

त्यांनी पदराने माझं कपाळ पुसलं, जरा जोरातच, मोरी पुसतात तसं. मला नवऱ्याचा शब्द आठवला. दोघांपैकी कुणालाही शोधत रस्त्यावर यावं लागलं तर. त्या घरात कुठलीही गोष्ट कधी लपून राहिलेली नाही, आणि गल्लीच्या तोंडाशी, वेगवेगळ्या चपला घालून, ही तर लपण्यासारखी मुळीच नव्हती.

"तो आठला येईल," मी म्हणाले.

"येऊ दे."

"तुम्ही इथवर आलात ते..."

"मी क्रूसाला मेणबत्ती लावायला आले," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर रोज म्हणतात ना, चाला."

"मेणबत्ती कुठाय?"

"विसरले. म्हातारी आहे मी."

फोन हातात घेतला तर ग्रुपवर नाव आलेलं होतं. पलीकडच्या आळीतली एक आजी, ब्याण्णव वर्षांची, पहाटे तीन वाजता झोपेत गेली होती. अंत्यविधी साडेचारला. सासूबाई तिला ओळखत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीवर पहिल्यांदा बोललेली बाई ती. मी नाव वाचल्यावर त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि मला आधी वाटलं दुःखाने.

"आपण दोघींनी तिच्यासाठी काही म्हटलंच नाही," त्या म्हणाल्या. "घंटा संपली आणि नुसत्या पळत सुटलो."

खरं होतं. दोन टोल ऐकून आम्हाला त्या बाईचा विचारसुद्धा आला नव्हता. उलट, दुसरीच कुणी आहे हे कळल्यावर मला जे वाटलं होतं त्याला दुसरा शब्द नाही, मला आनंद झाला होता. आम्ही तिथेच बसून एक 'आमच्या बापा' आणि तीन 'नमो मारिया' म्हटल्या. माझा श्वास अजून पुरत नव्हता, त्यामुळे शब्द मध्येच तुटत होते. मग मी त्यांना धरून घरी आणलं. तीनशे मीटरला आम्हाला वीस मिनिटं लागली. नवरा आला तेव्हा त्या माठ निवडत होत्या आणि त्याची चप्पल जागेवर होती.

साडेचारला आम्ही दोघी अंत्यविधीला गेलो. शवपेटी चर्चमधून दफनभूमीकडे निघाली तशी घंटा पुन्हा सुरू झाली, तीच, सावकाश, आणि ह्या वेळी अगदी डोक्यावर. पहिल्या टोलाला माझी बोटं आपसूक मानेवर गेली. सासूबाई पुढे बघत होत्या. न वळता त्यांनी माझा हात धरून खाली आणला आणि धरूनच ठेवला.

"लोक बघतायत," त्या पुटपुटल्या. आणि चार पावलांनंतर, "परत कधी जाणार?"

"शनिवारी."

"किती वाजता?"

"साडेपाच."

"फोन मी देईन हातात," त्या म्हणाल्या. "आणि बोलत बसायचं नाही कुणाशी."